खालच्या पट्टीतले तीन मिलिमीटर

बॉस्टनच्या बॅक बे भागात मास पाइक, म्हणजे आय-९० महामार्ग, शहराच्या रस्त्यांच्या खालच्या पातळीवरून जातो. त्याला खेटूनच वूस्टरकडे जाणारी रेल्वे धावते. या खोलगट पट्ट्यावर छत टाकून वर इमारती बांधायच्या, ही कल्पना इथे जुनीच. प्रुडेन्शियल सेंटर १९६०च्या दशकात झालं, कॉपली प्लेस १९८०च्या दशकात. त्यानंतर मोठा खंड पडला आणि मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूलगत पार्सल १२, म्हणजे बाराव्या भूखंडावरचं लिरिक हे संकुल २०२४मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यात कार्यालयांचा मनोरा, हॉटेल, दुकानं आणि मधोमध सार्वजनिक चौक आहे. आपल्याकडे वाशी स्थानकावर सिडकोने कार्यालयांची इमारत उभी केली, तिच्याच जातकुळीतलं हे काम. फरक असा की इथे खालची वाहतूक ज्या तासांत थांबते, तेवढेच तास आपले.

अशाच एका साइटवर पोलादी सांगाडा उभा करतानाची ही रात्र आहे. शहराकडे येणाऱ्या मार्गिका रात्री ११ ते पहाटे ५ पूर्ण बंद होत्या. चालू वाहतुकीवरून काहीही उचलायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की चारनंतर नवीन उचल सुरू करायची नाही, कारण शेवटचा तास बोल्ट कसायला, रस्ता झाडायला आणि शंकू उचलायला लागतोच.

चौकाखालचे गर्डर दोन तुकड्यांत येतात. पहिला तुकडा उत्तरेच्या भिंतीपासून दुभाजकातल्या खांबापर्यंत, आणि खांबाच्या पुढे चार मीटर अधांतरी. दुसरा तुकडा या अधांतरी टोकाला जोडून दक्षिणेच्या भिंतीवर टेकवायचा. जोड खांबाच्या डोक्यावर ठेवत नाहीत, कारण तिथे गर्डरला वाकवणारा जोर सर्वात जास्त असतो. थोडं पुढे सरकलं की तो कमी होतो. गर्डरची उंची जेमतेम ९० सेंटिमीटर. खाली ट्रकसाठी मोकळी उंची सोडायची आणि वर चौक फुटपाथच्या पातळीला आणायचा, म्हटल्यावर गर्डरच्या वाट्याला उरतं ते एवढंच. उथळ गर्डर जास्त वाकतो, आणि त्या रात्री नेमकं तेच भोवलं.

पहिले तुकडे आदल्या आठवड्यात बसले होते. साडेबाराला दुसरा तुकडा क्रेनने वर गेला, टोकाला टोक आलं. गर्डरच्या वरच्या पट्टीत, म्हणजे वरच्या फ्लँजमध्ये, भोकं जुळवणाऱ्या निमुळत्या ड्रिफ्ट पिना गेल्या, बोल्ट गेले. खालच्या पट्टीत मात्र भोकं जुळेनात. बोल्ट २२ मिलिमीटरचे, भोकं २४ची, आणि फरक तीन मिलिमीटरचा. पिन ठोकून एखादा मिलिमीटर ओढता येतो. तीन ओढायला गेलं की भोकाची कड चेपते आणि जोडाचा भरवसा जातो. रीमरने भोक मोठं करणं हा त्याहून वाईट उपाय. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची लेखी परवानगी नसताना मध्यरात्री ते कोणीही करू नये.

अशा वेळी पहिला संशय कारखान्यावर जातो. पण हे दोन्ही तुकडे कारखान्यात एकमेकांना लावून भोकं पाडलेले होते. दुसरा संशय थंडीचा. पोलादाचा प्रत्येक मीटर दर अंश सेल्सिअसला ०.०१२ मिलिमीटर आखडतो, म्हणजे वीस मीटरला वीस अंशांनी जवळपास पाच मिलिमीटर. पण आखडण्याने वरची आणि खालची पट्टी सारखीच सरकली असती. इथे वरची जुळत होती आणि खालची फाकली होती. याचा अर्थ लांबीत काही बिघाड नव्हता, टोक कललं होतं.

सर्व्हेअरने लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण लावली. अधांतरी टोक आठवड्यापूर्वीच्या नोंदीपेक्षा ११ मिलिमीटर खाली होतं. वर चढून बघितल्यावर कारण समोरच होतं. आदल्या रात्रीच्या पाळीत मेटल डेकचे, म्हणजे स्लॅबखाली अंथरायच्या पत्र्यांचे गठ्ठे आले होते आणि जागा मोकळी दिसली म्हणून ते नेमके टोकावर रचले गेले होते. बारा गठ्ठे, सुमारे २० टन, दोन गर्डरांवर आडवे. एकूण वजन गर्डरला जड नव्हतं, डिझाइनमध्ये याच्या कितीतरी पट भार धरलेला असतो. जागा चुकली होती. तेच गठ्ठे खांबाच्या डोक्यावर असते, तर टोक केसभरही हललं नसतं.

क्रेनला गर्डर लटकलेला असताना गठ्ठे हलवणार कशाने? मग कठीण वाटणारा पण योग्य निर्णय झाला. वरच्या पट्टीचे बोल्ट काढले, गर्डर पुन्हा ट्रेलरवर उतरवला आणि त्याच क्रेनने गठ्ठे एकेक करून खांबाच्या डोक्यावर आणले. खांबाच्या पलीकडे विरुद्ध दिशेची वाहतूक चालू होती, म्हणून पोलिसांना सांगून तिकडची दुभाजकालगतची मार्गिकाही बंद करून घेतली. त्यातच वीस मिनिटं गेली. गठ्ठे हलले तसं टोक वर आलं. लेव्हलवर ते डोळ्यांदेखत दिसत होतं: सात, पाच, दोन, आणि शेवटी एक मिलिमीटरच्या आत. पुन्हा उचलल्यावर खालच्या पट्टीत पिना हाताने गेल्या.

क्रेनचा हूक लगेच सोडायचा नसतो. जोडाची निम्मी भोकं पिना आणि बोल्टांनी भरल्याशिवाय, आणि शेजारच्या गर्डराला क्रॉस फ्रेमने, म्हणजे आडव्या चौकटीने बांधल्याशिवाय एकटा गर्डर आडवा लोळू शकतो. हूक सुटला तेव्हा पावणेचार वाजले होते. त्या रात्रीचा दुसरा गर्डर न उचलता परत पाठवला. त्यावर कुरकुर झाली, पण तो निर्णय बरोबरच होता. चुंबकी झाडू फिरवून आणि बोल्ट-नट मोजून रस्ता पाचच्या आत मोकळा झाला. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे कुठे ठेवायचे, याच्या खुणा गर्डरवर रंगाने मारल्या गेल्या.

वजन किती, यापेक्षा ते कुठे, हा प्रश्न चौक पूर्ण होईपर्यंत सुटत नाही. भिजलेली माती घनमीटरला जवळपास दोन टन भरते. झाडासाठी एक मीटर माती टाकली की दर चौरस मीटरला दोन टन येतात, आणि दाटीवाटीने उभ्या गर्दीसाठी धरतात अर्धा टन. म्हणजे माणसांच्या चौपट भार झाडांचा. म्हणून झाडं खांबांच्या ओळीवर किंवा तिच्या जवळ येतात, आणि मधल्या उंचवट्यांत मातीऐवजी जिओफोमचे, म्हणजे थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचे ठोकळे भरतात. त्यांचं वजन घनमीटरला २०-३० किलो. डॅलसमध्ये महामार्गावर छत टाकून केलेल्या क्लाइड वॉरन पार्कमध्ये, २०१२ साली, काँक्रीटच्या तुळयांच्या मध्ये खोल चर सोडून त्यांत झाडांची मुळं बसवली आहेत. मला तो उपाय फार आवडतो, कारण त्यात मातीची खोली मिळते आणि चौकाची उंचीही वाढत नाही.

खालच्या बाजूची काळजी आगीची. पोलाद ६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं. फिलाडेल्फियात जून २०२३मध्ये टँकर पेटून आय-९५चा पूल कोसळला, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. छताखालच्या पोलादावर अग्निरोधक लेप जाड चढवावा लागतो. तो बोल्ट कसून, तपासून झाल्यावरच, कारण लेपाखालचा जोड पुन्हा तपासायचा म्हणजे तो खरवडायचा.

वरच्या बाजूची काळजी पाण्याची. वॉटरप्रूफिंगवर माती पडल्यावर गळती शोधणं जवळपास अशक्य होतं, पाणी एकीकडे शिरतं आणि दहा मीटरवर ठिबकतं. म्हणून स्लॅबचे कप्पे पाडून, नाल्यांची तोंडं बंद करून, पाच सेंटिमीटर पाणी ४८ तास भरून ठेवतात. गळण्याची खरी जागा बहुतेक वेळा मोकळा स्लॅब नसतो. नालीची कॉलर, रेलिंगचा पाया आणि इमारत जिथे चौकाला भिडते तो सांधा, या तीन ठिकाणी खालून टॉर्च मारून बघायचं. पाणी भरताना त्याचंही वजन मोजायचं: पाच सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, आणि शेजारच्या कप्प्यात तेव्हा मातीचा ढीग नको.