बेळगाव शोधलं, तर बेळगावच मिळेना

गेल्या सोमवारी बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी लायब्ररीत आली. समाजशास्त्राचं प्रोजेक्ट होतं, विषय देवदासी, म्हणजे लहानपणीच देवीला सोडलेल्या बायका. मोबाइलवर सात-आठ व्हिडिओ साठवलेले. एकात यल्लमा देवीची महती, बाकीच्यांत नुसती रडारड. म्हणाली, "मॅडम, ह्यातलं खरं काय तेच कळंना झालंय."

निपाणीजवळच्या एका कॉलेजची लायब्ररी मी चौदा वर्षं सांभाळतेय. असं विचारणारं पोर समोर आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

तिला एन-लिस्ट माहीतच नव्हतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही सोय आहे. कॉलेजनं वर्गणी भरली की मुलांना युजरनेम-पासवर्ड मिळतो आणि हजारो जर्नल्स घरबसल्या उघडतात. वर्गणी दरवर्षी भरली जाते, आणि पासवर्ड मागायला वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस मुलं येतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तिनं इंग्रजीत 'देवदासी' आणि 'बेळगावी' असे दोन शब्द टाकले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लेख आले. "आपलं गावच न्हाई की ह्यात!" गाव होतं, पण जुन्या नावानं. इंग्रजीतलं 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला, ज्या तारखेला सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन पाळतात. त्याआधीचे लेख 'बेलगाम' या स्पेलिंगखालीच आहेत, ते कुणी बदलत नाही. मी दोन्ही स्पेलिंगं लिहून मधे मोठ्या अक्षरांत इंग्रजी 'ऑर' टाकायला सांगितलं. पानंच्या पानं आली. यल्लमाचं देऊळ जिथं आहे त्या सौंदत्तीचंही तेच: सौंदत्ती, सवदत्ती, जो जसा ऐकेल तसा लिहितो. देवी एकच, पण यल्लमा शोधली तर रेणुकाही शोधावी लागते.

खरी अडचण पुढे आली. 'देवदासी'च्या जोडीला 'वेश्याव्यवसाय' हा शब्द टाकला, तेव्हा आले ते कायद्यावरचे लेख आणि २००० नंतरचे एचआयव्हीवरचे अभ्यास. आमच्या जिल्ह्यातल्या बायका त्यांत टक्केवारीच्या तक्त्यांत दिसत होत्या. तो शब्द काढून मी 'जोगती' आणि 'बसवी' हे देवाला सोडलेल्या बायकांसाठीचे आपल्याकडचे शब्द टाकले. आता जोगव्याची परडी आली, चौंडकं हे वाद्य आलं, घराण्यातला वाटा, जमिनीचे हक्क, मुलाला आईचं नाव लावणं आलं. बायका त्याच, पण यावेळी त्यांना घर होतं, नातीगोती होती. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग वहीत दोन रकाने आखून तिनं दोन्हीकडचे शब्द लिहून काढले. तिला वेगळं काही समजावायची गरज पडली नाही.

या विषयात मी तटस्थ नाही, हे सांगितलं पाहिजे. चौथीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या केसांत जट आली; जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं मानतात. घरच्यांनी तिला मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीला नेलं. परत आली तेव्हा गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची मण्यांची माळ होती, आणि त्यानंतर ती शाळेत आली नाही. कर्नाटकाचा देवदासी समर्पणबंदी कायदा १९८२ चा. आईबापांनीच मुलगी देवाला सोडली तर २ ते ५ वर्षं कैद, असं त्यात लिहिलेलं होतं. त्याच्याही आधी, आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हा, १९३४ चा कायदा होता. दोन कायदे असूनही आमच्या गल्लीतून ती मुलगी गेली. केस धुवून, विंचरून, गुंता कापून सुटला असता.

म्हणून लुसिंडा रॅमबर्ग यांचं म्हणणं वाचताना माझा जीव वरखाली झाला. या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाई उत्तर कर्नाटकात राहिल्या. २०१४ साली त्यांचं पुस्तक आलं. त्या सांगतात की देवीशी लागलेल्या लग्नाला लग्न आणि नातं म्हणूनच बघा. सोडलेली मुलगी घरात मुलाच्या जागी असते, आईबापांना पोसते. आणि सुधारणेच्या कायद्यांनी या बायकांच्या पूजाविधीलाच गुन्हा करून टाकलं. मला हे पटलं नाही. लहान मुलीला कुणी विचारलं होतं? पण तरीही तो भाग मी मुलीला वाचायला लावला, आणि मीही पुन्हा वाचला. कारण व्हिडिओतल्या रडारडीत बाईला काही म्हणायचं असतं हे कुठेच नव्हतं. इथं ते पानोपानी होतं.

सरकारी आकडाही काढला. १९९३-९४ आणि २००७-०८ अशा दोन पाहण्यांत मिळून राज्यात ४६,६६० देवदासींची नोंद झाली. व्हिडिओत कुणी लाख म्हणत होतं, कुणी 'आता कुठं राहिल्यात' म्हणत होतं.

शेवटी तिनं कात्रणं मागितली. कपाटातून फाईल काढून मी टेबलावर ठेवली. वर माझ्याच अक्षरात, २०११ साली चिकटवलेलं लेबल: 'देवदासी व वेश्याव्यवसाय'. तिनं ते वाचलं, बोटानं कड जराशी उचलली आणि हळूच म्हणाली, "माझ्या आज्जीची थोरली बहीण जोगतीण हाय, मॅडम. शेतात मजुरी करून तिनं भावांची पोरं शिकवलीत."

मला बोलायला शब्द सापडेना. ती गेल्यावर लेबल ओल्या फडक्यानं भिजवून काढलं. खालचा पुठ्ठा थोडा सोलला. नवीन लेबलवर अजून काही लिहिलेलं नाही. तिच्या आज्जीच्या बहिणीला काय म्हणवून घ्यायला आवडतं ते विचारून ये, असं तिला सांगितलंय.

बुधवारी ती परत येईल. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातले कन्नड प्रबंध बघायचे राहिलेत. त्यांची शीर्षकं पुष्कळदा रोमन लिपीत असतात, म्हणून कन्नडच्या सरांना अर्धा तास मागून ठेवलाय.