साडेसहाची कवायत : जपानमधल्या मार्चअखेरीशी दोन हात

जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं, आणि शाळेचं वर्ष, नोकरीतल्या बदल्या, नव्या लोकांची भरती हे सगळं १ एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे मार्चमध्ये एकाच वेळी हिशेब बंद करायचे, प्रोजेक्ट सोपवायचे, कुणाचं घर बदलायचं, कुणाच्या मुलाची शाळा लावायची. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात आपली मराठी माणसंही बरीच, आणि बहुतेक सॉफ्टवेअरमधली. मार्चमध्ये यांतले कितीतरी जण शेवटच्या गाडीनं घरी येतात. डिसेंबरही तसाच जातो, कारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात आणि त्याआधी सगळं उरकायचं असतं.

अशा दिवसांत उमेद वाटेल तेव्हा काहीतरी करू, असं म्हणून चालत नाही. दमलेल्या माणसाला उमेद आपोआप वाटत नाही. ठरलेल्या वेळी, फारसा विचार न करता, अंगवळणी पडलेलं एक छोटं काम करत राहिलं की तिला यायला वाट मिळते. जपानमध्ये असं एक काम जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे: रेडिओ ताइसो, म्हणजे रेडिओवरची कवायत.

नोव्हेंबर १९२८ मध्ये, सम्राट शोवांच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं, तिथल्या टपाल विमा खात्यानं ती सुरू केली. कल्पना अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या रेडिओ-व्यायामावरून घेतलेली. विमेदार निरोगी राहिले तर कंपनीचाही फायदा, हा साधा हिशेब. लोकांनी बागेत एकत्र जमून ती करायची पद्धत १९३० मध्ये टोकियोच्या कांदा भागात, मुलांच्या उन्हाळी सुट्टीत रुजली. महायुद्धानंतर ती काही वर्षं बंद पडली. आज ऐकू येते ती 'क्रमांक एक' ही कवायत १९५१ची आणि 'क्रमांक दोन' १९५२ची.

एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवर रोज सकाळी साडेसहाला दहा मिनिटं हा कार्यक्रम लागतो. टीव्हीवर सहा पंचवीस ते सहा पस्तीस. क्रमांक एकमध्ये तेरा हालचाली आहेत आणि त्या सव्वातीन मिनिटांच्या आत संपतात. पियानो वाजत असतो आणि इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची अशी आठाची मोजणी चालते. क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. आधी हात समोरून वर नेऊन अंग ताणायचं. मग हात झुलवत गुडघे वाकवायचे, हात गोल फिरवायचे, छाती उघडायची. त्यानंतर कंबर: बाजूला वाकणं, पुढे-मागे वाकणं, पिळणं. मग हात खांद्याला लावून झटक्यात वर आणि खाली, तिरकं खाली वाकून पुन्हा छाती उघडणं, संपूर्ण धड गोल फिरवणं आणि दोन्ही पायांनी उड्या. उड्यांपाशी श्वास सर्वांत वाढलेला असतो, म्हणून लगेच पुन्हा हात झुलवत गुडघे वाकवायचे आणि शेवटी दीर्घ श्वास.

दिसायला पोरखेळ वाटतो, म्हणूनच आपली माणसं ती अर्धवट करतात आणि मग 'यात काही दम नाही' म्हणून सोडतात. दम आहे, पण हालचाल पुरी केली तर. दुसऱ्या हालचालीत टाचा उचलायच्या असतात. ते गाळलं की पोटऱ्यांना काहीच काम उरत नाही, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. बाजूला वाकताना धड पुढे झुकतं, मग ताण बरगड्यांऐवजी पाठीवर येतो. पाठ भिंतीला लावून उभे आहोत असं धरून वाकलं की जमतं. पुढे वाकताना जमिनीला हात टेकवायचा हट्ट धरू नये. तिथे अंग सैल सोडून तीनदा हलकेच झोका द्यायचा असतो; सकाळी स्नायू आखडलेले असताना जोर लावला तर कंबर धरते. धड पिळताना पाय जागचे हलू द्यायचे नाहीत. गुडघे दुखत असतील तर उड्यांच्या जागी टाचा वरखाली कराव्यात. टीव्हीवर एक जण खुर्चीत बसूनही सगळी कवायत करून दाखवतो, ती पाहून आजी-आजोबांनाही करता येते.

बागेत जाऊन करायची असेल तर सहा-वीसला पोचावं. नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. 'ओहायो गोझाइमास' (सुप्रभात) म्हणून मागच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याचं पाहून करायचं. तिथली मंडळी बहुतेक साठी-सत्तरीची असतात आणि नवा माणूस दोन-चार दिवस सलग दिसला की आपण होऊन बोलतात. भाषा कच्ची असलेल्या, घर आणि ऑफिस यापलीकडे कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला हा मोठा आधार असतो. एखादा दिवस आला नाहीत तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. मोबाईलवर इंटरनेटनं लावलेला रेडिओ काही सेकंद मागे चालतो, त्यामुळे बागेतल्या रेडिओशी ताल जुळत नाही. तिथे आपला फोन खिशातच ठेवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं आणि रोज हजेरीचा शिक्का बसतो. मुलांना घेऊन जायचं असेल तर तेव्हाच सुरुवात करावी.

मात्र झोप मोडून कवायत करू नये, हे आम्ही ठासून सांगू. सहाला उठायचं तर सात तासांच्या झोपेसाठी अकराला पाठ टेकायला हवी. रात्री साडेबाराला घरी पोचलात तर सकाळचा नाद सोडा आणि दुपारी जेवणाआधी ऑफिसच्या जिन्यापाशी तेवढीच तीन मिनिटं करा. जपानमध्ये बांधकामाच्या ठिकाणी आणि कारखान्यांत पाळी सुरू होण्याआधी ही कवायत होतेच, त्यामुळे कुणी वळून बघत नाही.

धकाधकीत दुसरी गोष्ट बिघडते ती म्हणजे लक्ष. चुका होतात, चूक निस्तरायला आणखी रात्र जाते. यावरचा जपानी रेल्वेचा उपाय प्लॅटफॉर्मवर रोज दिसतो: सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्यानं बोलणं. रेल्वेच्या तांत्रिक संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये साध्या कामांवर याची चाचणी घेतली. काहीच न करता शंभरात २.३८ चुका झाल्या, बोट दाखवून बोलल्यावर ०.३८. म्हणजे चुका सहाव्या हिश्श्यावर आल्या. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की हात सवयीनं पुढे पळत नाही. ऑफिसात हे करायचं ते तीनच ठिकाणी: मेल पाठवण्याआधी 'कुणाला' या रकान्यावर, सर्व्हरवर बदल चढवण्याआधी सर्व्हरच्या नावावर, आणि घरातून निघताना गॅसच्या बटणावर. पुटपुटलं तरी चालतं, पण बोट नेमकं त्या जागी जायला हवं. सगळीकडेच करायला लागलात तर आठवड्यात ते यांत्रिक होईल आणि बोट दाखवूनही चूक निसटेल.

आता ज्याबद्दल आपली माणसं सर्वांत कमी बोलतात ते. सगळा ताण कवायतीनं जात नाही. काही वेळा काम खरोखरच कायद्याबाहेर गेलेलं असतं. ओव्हरटाइमची साधारण मर्यादा महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास आहे. खास करार असेल तर ४५ तास ओलांडता येतात, पण वर्षातले फार तर सहा महिने, आणि तेव्हाही सुट्टीच्या दिवसाचं काम धरून महिन्याला १०० तासांच्या आतच. हे नियम मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून आणि लहानांना एप्रिल २०२० पासून लागू आहेत. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेतल्या कामाला किमान २५ टक्के जादा पगार असतो. गोम करारपत्रात असते. 'ठरावीक तासांचा ओव्हरटाइम पगारात धरला आहे' असं लिहिलेलं असेल तर किती तास ते पाहा, कारण त्यावरचे तास वेगळे द्यावे लागतात. आपली हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहून ठेवावी: आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, एवढंच. वाद झाला तर ही वही कामी येते. तक्रार कामगार मानक निरीक्षण कार्यालयात नेता येते आणि इंग्रजीतून सल्लाही मिळतो.

महिन्याचा ओव्हरटाइम ८० तासांवर गेला आणि थकवा साचला असेल, तर मागणी केल्यावर कंपनीला डॉक्टरांची भेट घडवावीच लागते. शिवाय पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी डिसेंबर २०१५ पासून वर्षातून एकदा ताणाची तपासणी सक्तीची आहे. सरकारनं सुचवलेल्या प्रश्नावलीत ५७ प्रश्न आहेत आणि तिची इंग्रजी प्रतही आहे, ती मागून घ्या. अनेक जण नोकरीच्या भीतीनं 'सगळं ठीक' भरून टाकतात. तुमच्या संमतीशिवाय निकाल मालकाला दाखवता येत नाही. निकालावरून डॉक्टरांची भेट मागितलीत तर मात्र तो कंपनीला कळतो, हे आधी माहीत असू द्या. मन फारच खचलं असेल तर 'टेल' ही संस्था १९७३ पासून जपानमध्ये इंग्रजीतून फोनवर ऐकून घेण्याचं काम करते आहे.

वर्षाला दहा किंवा अधिक दिवसांची भरपगारी रजा मिळणाऱ्याला त्यातले पाच दिवस तरी दिलेच पाहिजेत, असा नियम २०१९ पासून आहे. ते पाच दिवस गणपती-दिवाळीसाठी आधीच मागून ठेवावेत. मार्चमध्ये उरलेली रजा मागायला सगळेच येतात.

आणि गावाकडच्या आई-बाबांसाठी. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तुमच्याकडे रात्रीचे दहा म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो, तेव्हा त्या वेळी फोन नको. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे तिकडची जेवणाची सुट्टी, आणि तुमची दिवेलागण म्हणजे तिकडचे दहा. मार्चमध्ये मुलगा किंवा मुलगी तुटक बोलली तर 'जेवलास का, जेवलीस का' यानंतर 'काल किती वाजता झोपलास' हेही विचारा. दोन आठवडे उत्तर 'दोन वाजता' असंच येत असेल, तर डॉक्टरांच्या भेटीची गोष्ट तुम्हीच काढा.