गचकं दिलं का?

गुहागरहून निघायला साडेअकरा वाजले. मे महिन्यात साडेअकराला निघून कुंभार्ली घाट चढायचा बेत नक्की कुणाचा, यावर घरात अजून एकमत नाही. आबांचं म्हणणं, मी आंब्याच्या पेट्या बांधून घेण्यात वेळ घालवला. माझं म्हणणं, व्याडेश्वराच्या देवळात त्यांना दोन जुनी ओळखीची माणसं भेटली तिथेच दहा वाजून गेले होते.

गाडी आबांची. १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा आबांनी पेपरातली बातमी कापून गाडीच्या खणात ठेवली. अजून तिथेच आहे. कागदपत्रं काढायला गेलं की आधी ती हातात येते.

चिपळूणला जेवलो. तिथून अलोरे, पोफळी. पोफळी मागे पडली की घाट अंगावर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये पाच-सहा वळणं चढलो असू, आणि इंजिन बंद. खोकणं नाही, धक्का नाही, फट्‌ नाही. पंख्याचं बटण बंद केल्यासारखं. होत्या वेगात डाव्या अंगाला घेतली, उतरून मागच्या चाकाला धोंडा लावला.

आबा खिडकीतूनच म्हणाले, "व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं टाक."

जुन्या गाड्यांचा हा खरंच नेहमीचा आजार. या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटून असतो. घाटात वेग कमी, हवा लागत नाही, पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ढकलत बसतो. मी नॅपकिन भिजवून पंपावर गुंडाळला, वरून बाटलीभर पाणी ओतलं. वीस मिनिटांनी सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. आबांनी काही न बोलता गॉगल चढवला. त्यांचं बोलणं खरं ठरलं की ते हेच करतात.

तीन किलोमीटरवर पुन्हा बंद. पुन्हा तसंच, आवाज न करता.

पुन्हा नॅपकिन, पुन्हा पाणी. पिण्याचं पाणी आता पाव बाटली उरलं होतं. गुहागर-विजापूर रस्ता हा, मालाचे ट्रक सतत चालू, प्रत्येक जण हॉर्न देऊन सहानुभूती व्यक्त करून पुढे. खाली पोफळीच्या बाजूला डोंगराच्या पोटात कोयनेचं पाणी टर्बाइन फिरवतंय, सगळे टप्पे धरले तर प्रकल्प १९६० मेगावॉटचा, आणि वर आमच्या गाडीला एक ठिणगी मिळेना. अर्थात ठिणगीच मिळत नाहीये हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं!

फणसांनी भरलेला एक टेंपो थांबला. ड्रायव्हर साठी ओलांडलेला, खांद्यावर टॉवेल, पाटणकडचा.

"काय झालं पाव्हणं?"

"व्हेपर लॉक," आबा माझ्याआधी बोलले.

म्हाताऱ्याने नॅपकिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बंद पडताना गचकं दिलं का?"

"नाही. एकदम गेली."

"मग प्याट्रोल न्हाई. प्याट्रोल तुटलं की गाडी गचकं खात मरती. एकदम गेली म्हंजे करंट." त्यांनी बावीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली होती, हीच गाडी. "आन थंड झाल्यावर चालू हुती म्हणून व्हेपर म्हणू नका. तापल्यावर मरनारं लई काय काय असतंय."

मी तिथे जरा ओशाळलो. नॅपकिनने गाडी सुरू झाली असं आम्ही धरून चाललो होतो. नुसती वीस मिनिटं थांबलो असतो, तरी ती सुरू झाली असती, हे डोक्यातच आलं नाही.

टेंपोवाल्या मामांनी एका प्लगची वायर उपसली, ठिणगी उडते का बघायला माझ्याच हातरुमालात धरून तिचं टोक इंजिनच्या ब्लॉकपासून कणभर लांब धरलं. "मारा सेल्फ." मारला. काही नाही. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करते ती कॉइल, तिच्याहून येणारी मधली जाड वायर काढून तशीच धरली, तिथेही नाही. म्हणजे करंट प्लगांना वाटून देणारे रोटर आणि कॅप सुटले, दोष त्यांच्या अलीकडे. मग आमच्याच मागच्या दिव्याचा बल्ब काढून त्याला दोन वायरी गुंडाळल्या, टेस्ट लॅम्प तयार. चावी ऑन. कॉइलच्या चावीकडच्या टोकाला बल्ब लागला. डेल्कोकडच्या टोकाला लागेना.

(डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगांना करंट वाटणारा. सगळं गॅरेज त्याला डेल्कोच म्हणतं, मीही तेच म्हणणार.)

त्यांनी डेल्कोची कॅप काढली, आतल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन पॉइंटच्या मध्ये आबांच्या पेट्रोलच्या पावतीची घडी सरकवली. आता पॉइंट जुळत नाहीत, म्हणजे करंटला जमिनीकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे, जायला वाट नाही, बल्ब लागायलाच हवा. लागला नाही. मामांनी कंडेन्सरची बारीक वायर सोडवली. बल्ब लागला.

"ह्यो बघा चोर."

करंगळीच्या पेराएवढा पत्र्याचा डबा. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडून पॉइंट जळू नयेत आणि कॉइलमधला करंट झटक्यात तुटावा, एवढ्यासाठी तो असतो. करंट तुटला की कॉइल हजारो व्होल्ट फेकते, आणि चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा होतं. आमचा कंडेन्सर तापला की आतून शॉर्ट व्हायचा, सगळा करंट सरळ जमिनीला, पॉइंट उघडले काय नि मिटले काय. थंड झाला की पुन्हा सज्जन.

दुसरा आणायचा कुठून? आबा डिकीकडे गेले आणि बोर्नव्हिटाचा गंजका डबा घेऊन आले. त्यात फ्यूज, वायसर, दोन जुने प्लग, आणि २००६ मध्ये विकलेल्या स्कूटरचा एक न वापरलेला कंडेन्सर. स्कूटर गेली तरी तो कंडेन्सर मागे राहिला होता.

"चालंल की," मामा म्हणाले. जागेवर बसेना, म्हणून डेल्कोच्या बाहेर तारेने आवळला. त्याच्या पत्र्याला इंजिनची अर्थ नीट मिळायला हवी, तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून घेतली. जुने पॉइंट निळे पडले होते, तेही पुसले आणि काडेपेटीचा पुठ्ठा फाडून त्याने गॅप लावला. सेल्फ मारला. चालू झाली, तशीच दहा मिनिटं चालू ठेवली, इंजिन तापू दिलं. बंद पडली नाही. मामा पैसे घेईनात. आंब्याची अर्धी पेटी घेतली, आणि बदल्यात एक फणस मागच्या सीटवर ठेवला.

पुढे थोडी हवा लागली, कोयनानगरला चहा झाला. आबा चहा संपेपर्यंत गप्प होते.

"तरी पण," कप ठेवत म्हणाले, "नॅपकिन काढू नको अजून."

तो कराडपर्यंत पंपावर होता. घरी पोचल्यावर बघितला, पार कडक वाळून पंपाच्या आकाराचा झाला होता.