नळी तीच, रक्त वेगळे

गुडघेदुखीवरील पीआरपीच्या (रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढून दुखऱ्या जागी टोचलेला, प्लेटलेटने समृद्ध प्लाझ्मा म्हणजे रक्तातील द्रव) जाहिरातींत 'तुमच्याच रक्तातून उपचार' हे वाक्य ठळक छापलेले असते. ते रक्त कसे आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) असतात, म्हणजे सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) अहवाल दोघांचाही नॉर्मल असला तरी एकाकडे दुसऱ्याच्या तिप्पट माल असू शकतो. दोन लाखवाल्याच्या ३० मिलिलिटर रक्तात एकूण ६०० कोटी प्लेटलेट असतात, तर साडेतीन लाखवाल्याच्या तेवढ्याच रक्तात १,०५० कोटी. रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र कितीही महाग असले तरी ही तफावत ते भरून काढू शकत नाही.

शिवाय संख्या पुरेशी असली म्हणजे झाले, असेही नाही. ॲस्पिरिन प्लेटलेटमधील एक विकर (एन्झाइम) कायमचे बंद पाडते, आणि त्या प्लेटलेटचे आठ-दहा दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत तो परिणाम टिकतो. (हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ते परस्पर बंद करू नये.) २०२१ साली ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवातावर पीआरपी नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. तो निष्कर्ष गांभीर्याने घ्यायलाच हवा. पण प्रत्येक सिरिंजमध्ये नेमके काय होते, हा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

जनावरांकडे वळले की हा प्रश्न आणखी उघडा पडतो. घोड्याच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून इतक्या झपाट्याने खाली बसतात की नळी नुसती उभी ठेवली तरी वर पिवळा प्लाझ्मा दिसू लागतो. गाईचे रक्त मात्र तासभर ठेवूनही जवळजवळ तसेच राहते. त्यामुळे माणसासाठी ठरवलेला सेंट्रिफ्यूजचा वेग आणि वेळ घोडा आणि गाय या दोघांनाही जशाच्या तशा लावणे चुकीचे आहे. कुत्र्यांत तर जातीचाही फरक पडतो: ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशी जास्त आणि प्लेटलेट कमी असतात, तर कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये आनुवंशिक कारणाने प्लेटलेट मोजक्या पण आकाराने मोठ्या असू शकतात आणि काही यंत्रे त्यांची गणती तांबड्या पेशींतच करतात. आपल्याकडे त्यात गोचीड तापाची भर पडते, कारण गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गात प्लेटलेट झपाट्याने घटतात. अशा कुत्र्याच्या लिगामेंटसाठी पीआरपी काढण्यापूर्वी काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, आणि तयार झालेल्या पीआरपीतील प्लेटलेट मोजून तो आकडा केसपेपरवर नोंदवावा.