तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं शाळेत नसतानाही शाळेचं म्युझिकल

तुमची मुले हायस्कूल संपवून केव्हाच आपापल्या वाटेला लागली, मग तुम्ही अजूनही दर वसंतात गावातल्या हायस्कूलचे म्युझिकल, म्हणजे गाण्यानाचांचे नाटक, पाहायला का जाता, असे न्यू जर्सीतली आमची मराठी मंडळी मला नेहमी विचारतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी आग्रहाने तिथे घेऊन जाते, तेव्हा तेही हेच विचारतात. माझे उत्तर सरळ आहे. तिथे मला चांगले नाटक पाहायला आणि चांगले गाणे ऐकायला मिळते. ओळखीच्या घरातली मुले रंगमंचावर दिसली की आनंद होतोच, पण मी जाते ती तिकीट काढून नाटकाला जाणाऱ्या रसिकासारखी.

ज्यांनी असा प्रयोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेतल्या असंख्य हायस्कुलांत वसंत ऋतूतले म्युझिकल हा वर्षाचा मोठा सोहळा असतो. शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत तालमी चालतात, आणि त्याच मुलांना दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणीही द्यायची असते. नाटकाचे हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनलसारख्या कंपनीकडून रीतसर घ्यावे लागतात आणि संहितेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. लहान मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात, पण हायस्कूलची मुले बहुधा पूर्ण नाटकच उचलतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या व्यावसायिक रंगभूमीवर कसलेल्या नटांसाठी बेतलेली भूमिका आणि तिची गाणी पंधरा-सतरा वर्षांच्या मुलांनी पेलायची असतात.

‘फिडलर ऑन द रूफ’चे उदाहरण घेते, कारण शाळेतल्या मुलांचा इतका कस पाहणारे दुसरे नाटक माझ्या पाहण्यात नाही. 1964 साली ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकात 1905च्या सुमाराच्या रशियातले एक छोटे ज्यू गाव आहे, तिथला टेव्हिया नावाचा गरीब दूधवाला आहे आणि त्याच्या पाच मुली आहेत. थोरलीसाठी त्याने वयस्कर, सधन खाटकाचे स्थळ पक्के केलेले असते, पण तिला लग्न करायचे असते गरीब शिंप्याशी. दुसरी एका क्रांतिकारक तरुणाच्या मागे जाते. तिसरी परधर्मातल्या मुलाशी लग्न करते आणि तिथे बापाची सहनशक्ती संपते. ही बापाची भूमिका आमच्या गावात एका सतरा वर्षांच्या मुलाने केली. त्याच्या मुली झाल्या होत्या त्याच्याच वर्गातल्या मैत्रिणी.

शेवटच्या प्रवेशात सगळे गाव घरेदारे सोडून निघालेले असते आणि तिसरी मुलगी निरोप घ्यायला येते. बाप तिच्याशी बोलत नाही. थोरली मात्र बोलते, आणि देव तुमचे रक्षण करो एवढे शब्द बाप पुटपुटतो ते थोरलीच्या कानावर, तिने ते त्या धाकट्या बहिणीला सांगावेत म्हणून. त्या मुलाने हे कसे केले ते मला अजून दिसते. तो हातगाडीवरच्या बोचक्याला दोरी बांधत होता. मुलगी आल्यावर त्याचे हात थांबले नाहीत, उलट आवळून झालेली गाठ त्याने सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मान वर न करता, गाठीकडेच पाहत, त्याने ते शब्द उच्चारले. गाठ सोडण्याची सूचना दिग्दर्शिकेची असेल किंवा त्याला स्वतःला सुचले असेल. पण बापाला तिथून हलायचे नाही आणि वरही पाहायचे नाही, हे त्या मुलाला आतून कळलेले होते. डोळ्यांत पाणी आणून टाळ्या घेण्याची वाट तिथे मोकळी होती आणि तो त्या वाटेने गेला नाही. या संयमाला मी प्रतिभा म्हणते.

याच नाटकात थोरलीच्या लग्नात चार तरुण टोप्यांवर बाटल्या उभ्या ठेवून नाचतात, गुडघ्यांवर बसतात, पाय फेकत पुढे सरकतात. जेरोम रॉबिन्स यांनी बसवलेला हा नाच फार प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी बाटल्या टोप्यांना चिकटवून ठेवतात, पण आमच्याकडे त्या सुट्या होत्या. प्रयोगात एका मुलाची बाटली घसरली. त्याने ती हवेतच पकडली आणि एक पाऊल मागे घेऊन तो टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांत जाऊन उभा राहिला, जणू लग्नघरातला एक नाचणारा दमून बाजूला झाला. उरलेल्या तिघांनी दोन मात्रांच्या आत आपले अंतर बदलून रांग सारखी केली. कोणी कोणाकडे पाहिले नाही. त्यांचे एकमेकांकडे केवढे लक्ष होते, ते त्या दोन मात्रांत कळले, आणि असे लक्ष देता येणे ही मुख्य भूमिकेतल्या मुलाच्या गळ्याइतकीच मोठी देणगी आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी समूहगीतात मागच्या रांगेतली मुले मुद्दाम पाहते. त्यांच्यातली एखादी मुलगी, जिला संपूर्ण नाटकात एकही वाक्य नसते, आपल्या पात्राला घर, नवरा आणि शेजारणीशी जुने भांडण देऊन बसलेली असते, आणि त्या शेजारणीजवळून जाताना प्रत्येक वेळी पदर सावरावा तशी आपली शाल सावरते.

पडद्यामागेही मुलेच असतात. विंगेत हेडसेट लावून बसलेली स्टेज मॅनेजर संहितेत खुणा केलेल्या जागी प्रकाशाचा प्रत्येक बदल, ध्वनीचा प्रत्येक परिणाम वेळेवर सोडायला सांगते. प्रयोग सुरू झाला की सूत्रे तिच्या हाती असतात आणि मोठी माणसे तिचे ऐकतात. पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत, वाजवणारी बरीचशी मुले शाळेच्या बँडमधलीच असतात. गायक एखाद्या ओळीवर थांबला तर त्याच्यासाठी थांबायचे आणि घाईत पुढे गेला तर त्याला गाठायचे, हे साथसंगतीचे अवघड काम ती करतात.

आपल्या मंडळींना या वयाचे नवल वाटते, पण मराठी संगीत रंगभूमीला ते वाटण्याचे कारण नाही. 1899 साली आलेल्या देवलांच्या ‘शारदा’तही कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याचाच घाट असतो. त्या शारदेच्या भूमिकेने केशवराव भोसले गाजले ते लहान वयात, आणि 1908 साली त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली तेव्हा ते अठरा वर्षांचेही नसतील किंवा जेमतेम असतील. बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा त्यांचे वयही आजच्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांएवढेच होते. त्यांना ऐकणाऱ्यांनी वयाची सवलत दिली नाही आणि त्यांना ती लागलीही नाही.

यातले पुढे कोण नट होणार, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. होणारे होतात. 2009 पासून देशभरातल्या हायस्कूल कलाकारांसाठी न्यूयॉर्कमध्ये जिमी पुरस्कार दिले जातात आणि तिथले काही विजेते थेट ब्रॉडवेवर पोचलेले आहेत. पण टेव्हिया झालेला आमचा मुलगा पुढे इंजिनिअर झाला, तरी त्या रात्रीच्या कामाची किंमत कणभरही उतरत नाही. ते काम त्या रात्री पूर्ण होते.

तेव्हा पुढच्या खेपेला माझ्याबरोबर याल तर पिटजवळची जागा घेऊ या, म्हणजे वाजवणाऱ्यांचे हातही दिसतील. प्रयोगानंतर मुले वेशभूषेतच बाहेर येऊन उभी राहतात. त्यांना ‘छान झालं’ म्हणून निघून जाऊ नका, नेमके काय आवडले ते सांगा. लग्नाच्या नाचाआधीची क्लॅरिनेटची सुरावट वाजवणाऱ्या मुलीला मी म्हटले की तिने तो स्वर जेवढा लांबवला तेवढा वेळ मी श्वास रोखून बसले होते. ती लाजेल असे वाटले होते. तिने गंभीरपणे मला समजावून सांगितले की आदल्या रात्री तिथेच दम कमी पडला होता, म्हणून आज तिने श्वास दोन मात्रा आधी घेतला, आणि उद्या ती तो आणखी एक मात्रा आधी घेऊन पाहणार आहे.