कडी आहे का: हो

विस्थापितांच्या छावणीत पाणी आणि संडासांचं काम बघायचो तेव्हाची गोष्ट. लढाई गावाच्या वेशीपर्यंत आली म्हणून माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आलेली, ताडपत्रीच्या झोपड्या, आणि मी इंजिनिअर, म्हणजे माझा सगळा जीव एक्सेल शीटमध्ये. स्फिअरचे निकष, म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्याचे जगभर मानले जाणारे किमान निकष, आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना पाठ असतात, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास आणि मग जमेल तितक्या लवकर २० मागे एक. माझं शीट हिरवंगार होतं राव. बायकांचे वेगळे? हो. दिवा? हो. कडी? हो.

तर संरक्षण टीममधली, म्हणजे छावणीतल्या माणसांची सुरक्षितता बघणाऱ्या टीममधली, एक सहकारी येऊन म्हणाली, अंधार पडल्यावर तुझ्या संडासात एकही बाई जात नाही. मी भांडलो तिच्याशी, शीट दाखवलं. ती म्हणाली संध्याकाळी चल, फक्त मागून चालायचं आणि तोंड उघडायचं नाही.

सात-आठ बायका होत्या, भाषांतराला छावणीतलीच एक मुलगी. पहिल्याच रांगेपाशी एक चाळिशीची बाई थांबली, माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, तुम्हाला आत जायला सांगतायत. गेलो. दार ओढून घेतलं, आणि अंधारात कडी शोधायला लागलो तर फळीवर नुसता हात फिरतोय, आणि तेवढ्यात बाहेरून खट्! बाईने मला कोंडलं होतं. बाहेर सगळ्या खो खो हसत होत्या.

कडी होती. बाहेरून. वाऱ्यावर दारं आपटू नयेत म्हणून सुताराने बाहेरून ठोकली होती आणि मी महिनाभर दारासमोर उभा राहून 'हो' लिहीत होतो. आत चौकटीला एक भोक होतं, त्यातून चिंधी ओवून गाठ मारायची, आणि तरी बाहेर एक जण राखणीला लागायचीच. राखणीला कोणी नसेल तर? तर दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही, असं मुलीने एकदम साध्या आवाजात सांगितलं. १५ लिटरचा हिशोब मांडणारा मी, काय बोलणार.

दिव्याची तर वेगळीच गंमत. सोलरचा खांब बरोबर बायकांच्या रांगेसमोर, त्यालाच मोबाइल चार्जिंगची सोय, म्हणून छावणीतले यच्चयावत पुरुष रात्री तिथेच पत्ते कुटत बसलेले. सगळ्यांच्या नजरेसमोरून कोण जाणार आत! खांब कुठे लावायचा ते आम्ही ब्लॉकच्या प्रमुखांना विचारलं होतं, आणि ते सगळे पुरुष. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २००० सालचा १३२५ नंबरचा ठराव, की शांततेच्या निर्णयांत बायका हव्यात, त्याचं पोस्टर आमच्याच ऑफिसात होतं, चहाच्या टेबलामागे.

मी म्हटलं उद्या सकाळी सुतार पाठवतो. तर ती बाई नको म्हणाली, दिवसभर परका माणूस तिथे ठोकत बसला तर आम्ही जायचं कुठे, पेचकस द्या, आम्ही करतो. आणि खांबाचं चार्जिंग पलीकडे मैदानात न्या, आम्हाला घरटी एक टॉर्च द्या. दोन मिनिटांत प्लॅन संपला. आमची त्यावर मीटिंग झाली असती तर आठवडा गेला असता.

सहा पेचकस दिले. दोन दिवसांत सगळ्या कड्या आत. काही वाकड्या बसल्या होत्या, पण बसल्या. टॉर्च यायला मात्र तीन आठवडे लागले, खरेदीच्या सह्या, दुसरं काय.

पेचकस चारच परत आले. स्टोअरवाला दोन कुठे गेले म्हणून माझ्या मागे लागला, शेवटी मी रजिस्टरमध्ये 'झिजले' असं लिहून सही ठोकली.