शाळा निवडायची, पण भाडेकरार कुठून आणायचा?

शाळा निवडायचा हक्क पालकाला हवा, हे हल्ली सगळेच म्हणतात. नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. हा हक्क बजावायला आलेले पालक तिथे कागदांची पिशवी उराशी धरून बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, फी सरकार भरतं. फॉर्ममध्ये नकाशावरचा लाल फुगा ओढून आपल्या घरावर आणायचा, की जवळच्या शाळांची यादी येते. मग सोडत.

गाडं अडतं ते राहण्याच्या पुराव्यावर. भाडेकरूला नोंदणीकृत करार लागतो, नोटरीचा चालत नाही. आणि गावठाणातले घरमालक नोंदणी म्हटलं की हात वर करतात, कारण बऱ्याच बांधकामांचेच कागद धड नाहीत. महापेला हाउसकीपिंगला जाणारी एक ताई मालकाच्या विनवण्या करून थकली. "भाऊ, तो म्हणतो खोली सोड, पण सही मागू नको." तिच्या पोराचा फॉर्म भरलाच गेला नाही.

दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० रुपये. एवढ्यात इथे खोलीचं भाडं देऊन खायचं काय? रिक्षावाले, सिक्युरिटी गार्ड या मर्यादेच्या जरा वर जातात आणि खासगी फीपासून मात्र लांबच राहतात.

त्यात ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. त्या एप्रिलमध्ये फॉर्मच्या यादीत बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळाच दिसायच्या, आणि पालक ती बघून मला विचारायचे, "इथे तर असंही नाव घालता येतं, मग सोडत कशाला?" मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

जवळ सरकारी शाळा असताना खासगीवर पैसा कशाला, असं आमच्या नाक्यावरही लोक बोलतात. मला हे पटत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं पोर आणि ती जिथे काम करते त्या घरातलं पोर एका बाकावर बसावं, यासाठीही या जागा आहेत. आणि नवी मुंबईत खासगी शाळांनी तक्रार करावीच कशी? शहर वसवणाऱ्या सिडकोने शिक्षण संस्थांना सवलतीच्या दरात भूखंड दिले. जमीन मुळात इथल्या गावांची.

पालिकेची शाळा चांगली असेल तर पालक नाक मुरडत नाहीत. सीवूड्स आणि कोपरखैरण्यात पालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या, तिथे प्रवेशासाठी झुंबड उडाली. सोसायट्यांतले लोकही आले. तशी शाळा दिघ्याला, तुर्भे स्टोअरला, प्रत्येक वस्तीत हवी. पूर्ण शिक्षकांसह हवी, नुसती इमारत नको. पण ती होईपर्यंत खासगीचं दार लावून घेऊ नका.

आणि आत गेलेल्यांचं काय? कायदा आठवीपर्यंतच. आमच्या गल्लीतली एक मुलगी पहिलीला सोडतीत लागली होती, आता आठवीत आहे, वर्गात पहिल्या पाचात असते. नववीची फी विचारून तिचे वडील थेट दुकानात आले आणि पालिकेच्या कुठल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी माध्यम आहे ते शोधून दे म्हणाले. शोधून दिलं. मुलगी बाहेर पायरीवर बसून होती, आत आलीच नाही.

नोंदणीकृत कराराऐवजी वीजबिल आणि घरभेटीवर पुरावा धरा, आणि ही सवलत दहावीपर्यंत न्या, असा अर्ज मी टाइप केलाय. गल्लीतल्या पालकांच्या सह्या चालू आहेत. शिक्षण विभागात द्यायचा आहे आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातही. ज्यांचा फॉर्मच भरला गेला नाही, त्यांच्या सह्या सगळ्यात आधी घेतल्यात.